कोल्ह्याच्या आतली पोर

पनवेलच्या बाजारात फॅन्सी ड्रेसवाली मैना विचारलं की रिक्षावाले गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडायचे. ती माझी मावशी, आईची मोठी बहीण. दहावी अर्धी सोडली तेव्हापासून मी तिच्याचकडे, कधी दुकानात, कधी ड्रेसची गाठोडी घेऊन स्कूटीवर. गेल्या वर्षी एका शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तिच्याबद्दल जे काय लिहिलं ते सगळं मी वाचलंय. लिहिणाऱ्यातल्या एकालाही ती कोण ते माहीत नव्हतं.

ती उरणच्या खाडीकाठची. तिचा बाप, माझा आजा काशिराम, वर्षभर होडी चालवायचा आणि शिमग्याला सोंगं काढायचा. वाघ, अस्वल, रेडा. कागदाचा लगदा, गोणपाट, सुंभ, एवढ्यातून असं तोंड करायचा की कुत्री शेपूट घालून पळायची. लगदा मळायचं काम मावशीचं. लग्न होऊन पनवेलला आली, नवरा बंदरात कामाला होता, तो लवकर गेला. पोरबाळ नाय. दीर बोलला आता गावी जा. ती बोलली, गावी जाऊन काय करू, तुझ्या बायकोची भांडी घासू? मग शेजारच्या एका पोराला शाळेत ससा व्हायचं होतं म्हणून तिनं जुन्या चादरीचा ससा शिवून दिला, आणि तिथून धंदा सुरू झाला.

तिचं काम कसं असायचं सांगते. गादीवाल्याकडचा फोम कापून डोकं, वर उल्हासनगरहून आणलेलं फरचं कापड, डोळ्यांना मच्छरदाणीची जाळी, ती आतून काळी रंगवलेली, म्हणजे आतल्याला बाहेरचं दिसणार पण बाहेरच्याला आतला नाय. शिवायची ती मासळीचं जाळं शिवायच्या गाठीनं. पोरं ती डोकी फरफटत न्यायची, त्यात लाळ गाळायची, एकदा एकानं ओकलंसुद्धा, पण शिवण उसवली असं कधी झालं नाय.

आणि तिचा एक नियम होता. डोकं घातलं की पोराचं नाव घ्यायचं नाय. आई बिचारी कौतुकानं हाक मारायची, बाळा इकडे बघ, फोटो काढते, तर मावशी तिला गप्प करायची. "आता बाळ नाय हाय. आता वाघ हाय. वाघाला हाक मार." डोकं काढायचं तेपण चारचौघांत नाय. दुकानात मागे पडदा लावलेला, त्याच्या आत जाऊन काढायचं. लोक हसायचे. हे त्यांच्या घरचं होतं, आजाच्या वेळेपासूनचं. सोंगाच्या आत कोण आहे ते ज्यानं सोंग बांधलं त्यालाच माहीत, आणि त्यानं ते कुणाला सांगायचं नाय. मावशी एक गोष्ट नेहमी सांगायची. गावात दोन भावांचं वाकडं होतं, एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नव्हते. तर धाकटा अस्वल होऊन थोरल्याच्या अंगणात नाचून आला. थोरल्यानं अस्वलाला नारळ दिला, पाया पडला. सगळ्या गावाला माहीत होतं, थोरल्यालापण असणार. पण नाव कुणी घेतलं नाय. घेतलं असतं तर भांडण झालं असतं. मावशी बोलायची, माणसाला कधी कधी दुसरं तोंड लावूनच दारात जाता येतं.

आभा आली ती आधी गॅदरिंगच्या हरणासाठी. कळंबोलीजवळच्या रोडपालीची, आठवीतली पोर. आई रुचिरा मॅडम बँकेत, वडील विश्वजीत सर आयटीत. पोरगी एकदम उंच झालेली, पाठीत वाकून चालायची, हात कायम छातीवर बांधलेले. वर्गातली पोरं तिला काय बोलत असतील ते मला सांगायला नको, मीपण त्याच वाटेनं गेलेली आहे. हरीण परत करायला आई आली होती, तिनं मावशीचे आभार मानले, पावती मागितली, गेली. पोरगी मात्र ट्यूशनच्या आधी एकटी परत आली. मोबाईलमध्ये एक चित्र दाखवलं. कोल्हा, राखाडी, कान निळे, शेपटीचं टोक निळं. तिनं स्वतः काढलेला. त्याचं नाव मिस्टी. इंटरनेटवर असे लय जण असतात बोलली, प्रत्येकाचा आपापला प्राणी, त्यांना फरी बोलतात. मला काय झेपलं नाय. मी तोंडावर बोलले, म्हणजे काय, खेळ? तर ती बोलली, खेळ नाही, तो मीच आहे.

मावशीला समजावून सांगायला लागलं नाय. तिनं चित्र बघितलं आणि विचारलं, कान उभे पायजेत का पडके?

पोरीनं खाऊचे साठवलेले पैसे आणले होते, मावशीनं फक्त कापडाचे घेतले. डोकं झालं तेव्हा आभानं ते घातलं, आरशासमोर उभी राहिली आणि सरळ झाली. पाठ ताठ, हात मोकळे. आतून बोलली, "आता मला कोण बघत नाही. मी बघते." मावशी माझ्याकडे बघून हसली, जसं काय बोलली, बघ, हिला कळलं.

घरी न्यायची सोय नव्हती म्हणून कोल्हा पडद्यामागे खुंटीवर राहिला. ट्यूशनच्या आधी पोरगी यायची, थोडा वेळ कोल्हा व्हायची, गल्लीत नाचायची, आणि मावशी तिला कोल्हूबाय बोलून चहा द्यायची. घरी माहीत आहे का, असं मावशीनं कधी विचारलं नाय. तिच्या डोक्यात ते शिमग्याचं सोंग होतं, आणि सोंगाला असलं कोण विचारतं? चुकलं असेल तर ते इथं. पण ती चूक बाजारातली नाय, तिच्या गावची आहे.

मग व्हिडिओ आला. आभाच्या मैत्रिणीनं काढला, आभानं मिस्टीच्या नावानं टाकला. कोल्हा नाचतोय आणि मागं आमचं अर्धं शटर, त्याच्यावर मोठ्या अक्षरांत मैना. तो फिरत फिरत शाळेत पोचला. वर्गात पोरं भुंकायला लागली, एकानं मधल्या सुट्टीत हात न लावता डबा खाल्ला, सहावीतल्या पोरीनं वाढदिवसाला शेपटी मागितली. पालकांचा ग्रुप पेटला. अमेरिकेत म्हणे शाळेच्या बाथरूममध्ये असल्या पोरांसाठी मांजराला ठेवतात तशी माती ठेवतात, असं एकानं टाकलं, आणि तोच मेसेज दहा जणांनी परत टाकला. मी मावशीला वाचून दाखवलं. ती बोलली, मग साफ कोण करतं गो?

तेव्हा हसलो आम्ही. नंतर शाळेतून फोन आला. त्यांच्या गॅदरिंगचे सगळे ड्रेस मावशीकडूनच जायचे, वर्षाचं अर्धं काम तेच. पालकांची मीटिंग आहे, येऊन जा, बोलले.

हॉलमध्ये पंखे चालू, खुर्च्या भरलेल्या. मावशीनं नवी साडी नेसली होती, मी तिच्या शेजारी. पुढं उभे इंद्रजीत सर, ग्रुपचे ॲडमिन. माणूस वाईट नाय, पण बोलायला उभा राहिला की बसत नाय. त्यांनी सांगितलं की प्रश्न पोशाखाचा नाही, पोशाखामागून जे येतं त्याचा आहे. मग एकेक जण उठले. काही फालतू बोलले, संस्कार आणि संस्कृती आणि मोबाईल. काही खरं बोलले. एक बाई बोलली, तिचा मुलगा ज्या ग्रुपमध्ये आहे तिथं मुलांबरोबर दाढीवाली माणसं बोलतात, आणि सगळ्यांनी प्राण्यांचे फोटो लावलेत, कोण पोर कोण बाप्या कळत नाय. मागच्या रांगेतला एक बाप उठला, बारीक, ऑफिसातून थेट आलेला, गळ्यात आयकार्ड तसंच. तो बोलला, "माझा मुलगा आमच्याशी बोलत नाही. लांडग्याच्या नावानं तिकडे तासन्‌तास बोलतो, हसतो. मला कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. त्याला जे सांगायचं असतं ते आम्हाला का सांगत नाही, एवढंच मला कळत नाही." आणि बसला.

मग रुचिरा मॅडम उठल्या. मी मावशीचा हात दाबला. मॅडमनी विचारलं, हा कोल्हा आपल्या शाळेतलाच आहे हे उघड आहे, मावशींनी शिवलाय हेही उघड आहे, मग आत कोण आहे ते त्यांनी सांगावं, म्हणजे त्या मुलाच्या घरच्यांना विश्वासात घेता येईल. चांगल्या शब्दांत विचारलं. मला मात्र असं वाटत होतं की कुणीतरी माझ्या डोक्यावर घागर ठेवलीय आणि हलायचं नाय.

मावशी उभी राहिली. "मी बांधलाय कोल्हा. लपवत नाय. पण सोंगातल्या माणसाचं नाव मी घेत नाय."

कोणीतरी हसलं. इंद्रजीत सर बोलले, "मावशी, हा शिमगा नाही. हे इंटरनेट आहे."

"असल," मावशी बोलली. "नाव मी घेत नाय."

रुचिरा मॅडम तरी सोडेनात. त्या कोल्ह्यात तुमचं स्वतःचं मूल असतं तर असं बोलला असतात का, असं त्या बोलल्या. मावशीला मूल नाय हे त्यांना माहीत नसणार. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं, लय वेळ बघितलं, आणि खाली बसली. मला उठून ओरडायचं होतं की बाई, तुझीच आहे, घरी जाऊन बघ. मावशीनं माझ्या मनगटाला असं धरलं होतं की नंतर वळ राहिला.

शाळेनं काम काढून घेतलं. मग दुसऱ्या शाळेनं, कारण पालक सगळीकडे तेच. ग्रुपवर लिहिलं की बाई मुलांना लपायला जागा देते, पडद्याच्या मागे काय चालतं कुणास ठाऊक. पडद्याच्या मागे! तिथं एक खुंटी आणि एक स्टूल. मी फोन फेकायला निघाले होते. मावशी बोलली, फोन तुझा हाय, फेक. तिनं ससे आणि माकडं धुऊन वाळत घातली, दिवस दिवस कोण येत नव्हतं तरी. आभा मधे एकदा आली, घाबरलेली. मावशीनं तिला सांगितलं, तू काळजी करू नको कोल्हूबाय, मी बोलणार नाय. ती रडली आणि गेली, कोल्हा खुंटीवरच राहिला.

मग एका दुपारी रुचिरा मॅडम आल्या. एकट्या, ऑफिसची बॅग खांद्याला, चेहरा उतरलेला. मी बोलले, आता काय राहिलंय? मावशीनं मला डोळ्यानं गप्प केलं आणि त्यांना स्टूल दिलं.

त्यांनी फोन काढला. मीटिंगमध्ये बोललेल्या त्या बाईच्या मुलानं घाबरून आईला त्यांच्या ग्रुपवरचे काही स्क्रीनशॉट दिले होते, ते त्यांच्याकडे आलेले. कुणीतरी लांडगा, पंधरा वर्षांचा आहे बोलतो, मिस्टीशी बोलतोय. आधी गोड. मग, डोकं काढून फोटो पाठव. मग, कुठं राहतेस. मिस्टीनं लिहिलेलं, रोडपाली. मग लांडग्यानं लिहिलेलं, मी कळंबोलीला येऊ शकतो, तुझ्या घरी कुणाला सांगू नको, ते फरीला समजत नाहीत. मी दोनदा वाचलं. पंधरा वर्षांची पोरं असं लिहीत नाय. मला माहीत आहे, मी पंधराची असताना काय लिहायचे.

मॅडम बोलत होत्या की त्या रात्रीपासून झोपल्या नाहीत. आमच्याच सेक्टरमधली कुणाची तरी मुलगी आहे, बोलल्या. बागेत मुली बसलेल्या दिसल्या की प्रत्येकीकडे बघते, ही का, ती का. शाळेचा, ग्रुपचा विषय सोडा, मी कुणाला काही सांगणार नाही. आणि मग मावशीचा हात धरून बोलल्या, "मला नका सांगू. तिच्या आईला तरी सांगा."

दुकानात मशीनवर एक अर्धं शिवलेलं कासव पडलं होतं. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती नाय बोलेल. सगळ्या हॉलसमोर बोलली नाय, सगळं काम गेलं तरी बोलली नाय.

"तिच्या आयलाच सांगते मी आता," मावशी बोलली. "आभा हाय, बाय. तुझी आभा."

मॅडमना पहिल्यांदा ऐकूच गेलं नाय असं वाटलं. मग त्या हसल्यासारखं करून बोलल्या, नाही, आभाला हे आवडत नाही, ती असल्या मुलांवर हसते. मावशी उठली, पडद्यामागं गेली आणि कोल्ह्याचं डोकं आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मॅडमनी ते उलटं केलं. आत बघितलं. मग चेहरा आत घातला आणि वास घेतला. पोरीच्या केसांना जे तेल लावत असतील त्याचा वास असणार. किती वेळ तशाच बसल्या, तोंड कोल्ह्यात. खांदे हलत होते. माझा राग कुठं गेला कळलं नाय. मला अजून वाटतं की त्यांना आत कुठंतरी माहीत होतं. माहीत नसतं तर एवढ्या लांब उन्हात कोण येतं?

पुढचं पटकन झालं. आभाच्या आईवडिलांनी पोलिसांत तक्रार दिली, त्या लांडग्याचं अकाउंट तोवर बंद. कोण होता, कुठला होता, कधी कळलं नाय. आभा वाचली म्हणायची, म्हणजे ज्यापासून वाचली ते आलंच नाय, त्यामुळे तिला ते वाचणं वाटलं नाय. फोन गेला, मैत्रीण गेली, ट्यूशन बंद, वडील स्वतः शाळेत सोडायला लागले. रुचिरा मॅडमनी शब्द पाळला, ग्रुपवर पोरीचं नाव आलं नाय. एवढंच लिहिलं की विषय संपलाय, दुकानवाल्या मावशींच्या मदतीमुळे एक मूल मोठ्या संकटातून वाचलं, आपण सगळ्यांनी त्यांची माफी मागायला हवी.

आणि मग त्या आभाला घेऊन आल्या, आभार मानायला. चांगल्या मनानं आणलं, पण कुणी असं करतं का? पोरगी परत वाकलेली, हात परत बांधलेले. आई बोलली, बोल. ती बोलली, थँक्यू मावशी. फरशीकडे बघून. मावशीनं तिला खुर्ची दिली, ती बसली नाय. आई माझ्याशी काहीतरी बोलत होती तेवढ्यात आभा मावशीजवळ आली. हळू बोलली, रडत नव्हती. "सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तुम्ही नाही सांगितलंत. मला वाटलं आता कधीच नाही सांगणार."

मावशीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला आणि पोरगी मागं झाली. एवढंच. मग त्या गेल्या. कोल्हा आधीच मॅडमनी नेला होता, त्याचं काय झालं मी विचारलं नाय.

त्या आठवड्यात इंद्रजीत सरांचा फोन आला. गोड आवाज. झालं गेलं विसरा, गॅदरिंगचं सगळं तुमच्याकडेच, आणि या वर्षी जंगल थीम आहे मावशी, तुमच्याशिवाय कोण करणार? मी तर उड्या मारल्या. जंगल म्हणजे वाघापासून मुंगीपर्यंत सगळं. मी कागद घेऊन किती फोम लागेल ते लिहायला बसले. मावशीनं फोन कानाला लावून ऐकून घेतलं आणि बोलली, आमी आता सोंगं करत नाय. आणि ठेवला.

मी भांडले. जन्मात एवढं भांडले नाय तिच्याशी. बोलले, तू काय चोरी केलीस? तू पोर वाचवलीस. तू बोलली नसतीस तर तो माणूस आला असता कळंबोलीला. आता सगळे पाया पडायला तयार आहेत आणि तू नाय बोलतेस, कुणाला शिक्षा देतेस?

"शिक्षा कसली," ती बोलली. "आमच्या बाबाकडं रीत होती. ज्यानं सोंगाचं नाव फोडलं त्यानं परत सोंग बांधायचं नाय. त्याच्या हातचं तोंड घालून कोण कसा नाचल? मनात राहील ना, हा सांगतो."

"पण तू बरोबर केलंस ना?"

"बरोबरच केलं. परत कोण आलं तर परत सांगेन. म्हणूनच नाय बांधायचं."

शाळा सोडलेली पोर मी, वाद घालायला मला येतं, पण ह्याला कुठून धरायचं तेच कळेना. मी शिव्या दिल्या, आजाला दिल्या, लांडग्याला दिल्या, इंद्रजीत सरांना दिल्या. त्या हॉलमधल्या बारीक बापाला नाय दिल्या. त्याच्या मुलाचं काय झालं असेल कुणास ठाऊक.

सगळी डोकी विकली. खोपोलीचा एक डेकोरेशनवाला टेम्पो घेऊन आला, वाघ, हत्ती, माकडं, सगळी एकावर एक कोंबली. मावशी बाहेर आली नाय. मी दोरी बांधून दिली. आता दुकानात फॉल-पिको होतं, ब्लाऊज होतात, शटरवरचं फॅन्सी ड्रेस पुसून मी स्वतः रंगवलंय. मावशीचा हात साडीच्या काठावर तसाच सरळ चालतो. जाळ्याची गाठ मात्र फॉलला लागत नाय.

मधे रोडपालीला एका बाईचं ब्लाऊज द्यायला गेले होते. बिल्डिंगच्या खाली आभा उभी, रिक्षाची वाट बघत, बाजूला आई. मॅडम मला बघून हसल्या, मावशी कशा आहेत विचारलं, बोलले बऱ्या आहेत. आभानं माझ्याकडे बघितलं. ओळख दाखवली नाय. मी घरी येऊन मावशीला सांगितलं की आभा दिसली होती, उंच झालीय अजून. मावशीनं विचारलं, चालते कशी? मी खोटं बोलले, सरळ चालते बोलले. मावशीनं सुईत दोरा ओवला आणि काठ पुढे घेतला.